काचेवर सर्किट: मी फोडलेल्या पाच काचा आणि तुमची पहिली

भाच्याने ठरवून ठेवलं होतं, शाळा उघडली की विज्ञान प्रदर्शनात कोणी आणलं नसेल असं काहीतरी न्यायचं. लुकलुकणारे दिवे लावलेला हिरवा बोर्ड दर वर्षी निम्मी मुलं आणतात. मी म्हणून बसलो, आपण काचेचा करू, आरपार दिसेल. आखाजीच्या सुटीत काम काढलं. आई ओसरीवर रसासाठी आंबे पिळत होती. तिने मान वर करून एवढंच म्हटलं, "काच से ती, फुटी जाई."

फुटल्या. पाच फुटल्या. सहावी आजही आमच्या कपाटात उभी आहे आणि दिवे लागतात. त्या पाच कशाने फुटल्या हे कळलं तर तुमची पहिलीच टिकेल, म्हणून हे लिहितो.

आधी एक गैरसमज काढून टाकू. बोर्ड पारदर्शक होतो, त्यावरच्या तारा नाही. तांब्याचे पट्टे दिसणारच, आणि खरी मजा त्यांचीच आहे. मोबाइलच्या स्क्रीनवर न दिसणारा वाहक थर असतो, तो इंडियम टिन ऑक्साइडचा. तो घरी होत नाही, त्याच्या मागे लागू नका. आणि काच ही काही बोर्डाला परकी वस्तू नाही. नेहमीचा हिरवा बोर्ड म्हणजे काचेच्या तंतूंचं कापड आणि इपॉक्सीच असतो.

दुसरी गोष्ट ठळक अक्षरात वाचा: या बोर्डावर घरची २३० व्होल्टची वीज कधीही आणायची नाही. काच तडकली की उघडं तांबं हातात येतं. मोबाइलच्या चार्जरचे ५ व्होल्ट किंवा सेल, त्यापुढे नाही.

१. सामान गोळा करा

- मायक्रोस्कोपच्या काचपट्ट्या, ७५ × २५ मिमी, जाडी एक मिमीच्या आसपास. शाळा-कॉलेजला प्रयोगशाळेचं सामान देणाऱ्या दुकानात पन्नासची डबी मिळते. कडा घासलेल्या मागा.
- तांब्याची चिकटपट्टी (कॉपर टेप), ५ मिमी रुंद.
- १२०६ मापाचे ३३० ओहमचे रेझिस्टर आणि त्याच मापाचे लाल एलईडी. १२०६ म्हणजे ३.२ × १.६ मिमी. त्याहून बारीक पहिल्या खेपेला नको, शिंक आली तरी उडतात.
- बारीक टोकाची सोल्डर गन, बारीक सोल्डर, फ्लक्स (सोल्डर तांब्याला नीट धरावं म्हणून लावतात तो), चिमटा, मल्टिमीटर.
- आलेखाचा कागद, कटरची नवी पात, भिंग.
- इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते पाणी, आयसोप्रोपिल अल्कोहोल, जुनं सुती कापड.
- चष्मा. रोजचा नंबरचा नाही, वेल्डिंगवाल्याकडे मिळतो तो कडेने बंद असलेला.

जळगावात असाल तर गोलाणी मार्केटमध्ये मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे फ्लक्स, चिमटा, सोल्डर हे सगळं मिळून जातं. कॉपर टेप मला ऑनलाइनच मागवावी लागली. रेझिस्टर-एलईडी जुन्या बोर्डावरून काढता येतात, पण नवशिक्याने नवे घ्यावेत. दहा-वीस नगांना फार पैसे पडत नाहीत आणि बोर्ड चालला नाही तर शंका घ्यायला एक कारण कमी होतं.

२. काच निवडा, शक्यतो कापू नका

माझी पहिली काच कापतानाच गेली. खिडकीची उरलेली काच होती, हिरकणीने रेघ मारली, रेघ फिकट वाटली म्हणून तीवरूनच दुसऱ्यांदा फिरवली. हेच करायचं नसतं. रेघ एकदाच, सलग, एकसारख्या दाबाने, आणि कर्र असा आवाज शेवटपर्यंत यायला हवा. दुसऱ्यांदा फिरवली की बारीक चिरा आडव्या-तिडव्या पळतात आणि काच मनाला येईल तिथून तुटते.

काचपट्टी घेतली तर हा प्रश्नच येत नाही. मोठा बोर्ड हवा असेल तर फोटो फ्रेमवाल्याकडून २ मिमीची काच मापात कापून आणा. त्याचा हात बसलेला असतो. घरी आणल्यावर कडा पाण्याच्या पॉलिश पेपरवर घासून घ्या, आधी २२० नंबर, मग ४००. पाण्यातच घासायचं. काचेची कोरडी धूळ छातीत जाता कामा नये.

जाड काच मजबूत असं वाटतं. सोल्डरच्या बाबतीत उलट आहे. जाड काचेची एक बाजू तापते, दुसरी गारच राहते, आणि ओढाताणीत ती तडकते. माझी दुसरी काच अशीच गेली, ५ मिमीची होती. टफन्ड काच तर आणूच नका, ती कापायला गेलात की सगळीच्या सगळी दाणे होऊन खाली पडते.

३. काच खरोखर स्वच्छ करा

भांड्याच्या साबणाने धुवा, मग अल्कोहोलने पुसा. झाली की नाही ते असं बघा: वरून थोडं पाणी सोडा. पाणी सलग पापुद्र्यासारखं पसरलं तर काच स्वच्छ. थेंबाथेंबाने गोळा होऊन घसरलं तर अजून तेलकटपणा आहे, परत धुवा. त्यानंतर काच फक्त कडेने धरायची.

शेवटचं पाणी बोअरचं नको. आपल्याकडे बहुतेक बोअरचं पाणी जड, वाळल्यावर पांढरे ठिपके राहतात आणि पारदर्शक बोर्डावर तेच आधी डोळ्यात भरतात. बॅटरीचं पाणी त्यासाठीच सांगितलं.

४. नकाशा काचेखाली ठेवा

हिरव्या बोर्डाला नकाशा छापावा लागतो, उलटा करून उमटवावा लागतो. इथे आलेखाच्या कागदावर पेन्सिलने काढा आणि वर काच ठेवा. झालं. हे मला चौथ्या काचेला सुचलं, तोवर काचेवर मार्करने रेघा ओढून पुसत बसलो होतो.

पहिल्या, तीन दिव्यांच्या बोर्डासाठी माझं माप घ्या. काच २५ मिमी रुंद आहे. वरून खाली असं मोजा: २ मिमी मोकळी कड, ५ मिमीचा धन पट्टा, २ मिमी फट, ७ मिमीचं बेट (टेपचा सुटा तुकडा), २ मिमी फट, ५ मिमीचा ऋण पट्टा, २ मिमी कड. बेरीज २५. दोन्ही लांब पट्टे आणि मधली तीन बेटं, सगळं ५ मिमीच्याच टेपमधून निघतं. बेटं टेप उभी लावून ७ मिमीवर कापायची. वरच्या फटीवर रेझिस्टर बसतो, खालच्या फटीवर एलईडी. ३.२ मिमीचा भाग २ मिमीच्या फटीवर ठेवला की दोन्ही बाजूंना अर्ध्या मिमीहून जरा जास्त टेकतो, सोल्डरला तेवढं पुरतं. बेट तिरकं चिकटलं तर फट वाढते आणि भाग पोहोचत नाही, म्हणून आलेखाची रेघ सोडू नका.

हिशेबही सोपा. ५ व्होल्टमधून लाल एलईडीचे साधारण २ गेले, उरले ३. भागिले ३३० ओहम, म्हणजे ९ मिलीअँपिअर. प्रत्येक एलईडीला स्वतःचा रेझिस्टर. एकच रेझिस्टर तिघांत वाटायचा मोह होतो, पण मग एक दिवा जास्त जळतो आणि दुसरा मिणमिणतो.

५. टेप लावा

मागचा कागद एकदम काढू नका. एका टोकाला सेंटीमीटरभर सोडवा, रेघेवर टेकवा, मग एका हाताने कागद ओढत दुसऱ्या हाताने बसवत जा. वरून प्लास्टिकच्या कार्डाने दाबा. नखाने दाबलं तर पन्हळी उठतात.

आता काच उलटी करून खालून बघा. सुख आहे ते, चिकटवलेली बाजू अशी तपासायला दुसऱ्या कुठल्या बोर्डात मिळत नाही. बुडबुडा दिसला तर टेप काढून नवी लावा. आत अडकलेली हवा सोल्डर करताना फुगते आणि पट्टा उचलला जातो.

एक पट्टा दुसऱ्यावर चढवून वळण घेतलं असेल तर तो जोड सोल्डरने भरा. "कंडक्टिव्ह गोंद आहे" असं पुडीवर लिहिलेलं असतं. आज वाहतो, पावसाळ्यात वाहीलच असं नाही.

६. सोल्डर: सगळा खेळ इथे आहे

काच पडून फुटते हे सगळ्यांना माहीत असतं. सोल्डर करताना ती का फुटते हे समजून घ्या. उष्णता पसरवण्यात काच तांब्याच्या कित्येकशे पट मागे. गनचं टोक जिथे टेकलं तिथला ठिपका तापून फुगू बघतो आणि भोवतालची गार काच त्याला फुगू देत नाही. वर तांबं काचेच्या जवळपास दुप्पट फुगतं. म्हणजे काम दोन: काचेतला फरक कमी करायचा आणि टोक टेकलेला वेळ कमी करायचा.

फरक कमी करायला जुना तवा घ्या, भाकरीचा चालू तवा नाही. शिशाचं सोल्डर आजूबाजूला असणार, तो तवा परत चुलीवर जाता कामा नये. तव्यात बोटभर बारीक वाळू, वाळूवर काच, आणि काच ठेवल्यानंतर मंद गॅस. तापलेल्या वाळूवर गार काच ठेवली तर आपण टाळतोय तीच चूक करतो. काचेवर बोट जेमतेम टेकवता येईल इतपत तापली की पुरे, पन्नास-पंचावन्न अंश. त्याहून जास्त तापवली तर टेपचा गोंद मऊ पडून पट्टे सरकतात. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या घरात असताना मी तवा न वापरता काच गच्चीवर ठेवून बघितली. चालतं, पण धूळ बसते.

मग काच घडी घातलेल्या सुती कापडावर घ्या, खाली लाकडी पाट. ग्रॅनाइटच्या ओट्यावर नाही, स्टीलच्या टेबलावर नाही, ते खालून उष्णता ओढून घेतात.

आता हात असा चालवा. बेटाच्या टोकाला फ्लक्सचा थेंब, त्यावर आधी थोडं सोल्डर. चिमट्याने भाग धरून जागेवर आणा, ते सोल्डर परत वितळवा, भाग बसू द्या, टोक उचला. दोन सेकंद, फार तर तीन. टोक तांब्यावर, काचेवर कधीच नाही. लगेच त्याच भागाची दुसरी बाजू करायला जाऊ नका. काचेच्या दुसऱ्या टोकाचा रेझिस्टर घ्या, मग तिसरा, मग पहिल्याकडे या. जोड निस्तेज, दाणेदार दिसला तर थांबा, काच निवू द्या, फ्लक्स लावून परत एकदा. तिथल्या तिथे घासत बसलात की पट्टा सुटतो.

टिन-शिशाचं, ६३/३७ चं नेहमीचं सोल्डर १८३ अंशांना वितळतं. टिन-बिस्मथचं, ४२/५८ चं, १३८ लाच वितळतं. काचेसाठी हे दुसरं मला जास्त आवडतं, जोड जरा ठिसूळ असतो तरी. पण गनचं टोक आधी नीट पुसा. शिसं, टिन आणि बिस्मथ एकत्र आले की शंभर अंशांच्याही आत, ९६ च्या आसपास वितळणारं मिश्रण तयार होतं. मग उन्हात ठेवलेल्या गाडीत बोर्ड विसरलात तर जोड कसे राहतील याची खात्री मी देणार नाही.

तिसरी काच. सगळे सहा भाग बसले होते, मी खुशीत होतो. घामाने शर्ट चिकटला होता म्हणून भाच्याला म्हटलं, लाव रे कूलर. वाळ्याचा पत्र्याचा कूलर, पहिलाच ओला गार झोत थेट काचेवर. "टिक" असा आवाज आला, घड्याळाचा काटा सरकावा एवढाच. चीर कोपऱ्यातून निघून दुसऱ्या एलईडीखालून पार गेली. सोल्डर करताना कूलर बंद, पंखा बंद, आणि झाल्यावरही काच वाळूवर नेऊन ठेवा, आपोआप निवू द्या. धूर नाकात जाऊ नये म्हणून खिडकी उघडी ठेवा, काच मात्र खिडकीत नको. काम झाल्यावर हात धुवूनच रस-पोळीला बसा.

७. तपासा, मग वीज द्या

एलईडी लावण्याआधीच त्याची दिशा मल्टिमीटरवर बघा. डायोडच्या खुणेवर ठेवून टोकं टेकवली की योग्य दिशेला मंद उजळतो. उजळताना काळी टोकणी ज्या बाजूला, ती बाजू ऋण पट्ट्याकडे. अंगावरच्या हिरव्या खुणेवर विसंबू नका, प्रत्येक कंपनी ती आपापल्या मनाने करते.

पूर्ण झाल्यावर मीटर बीपवर ठेवून धन आणि ऋण पट्टे एकमेकांना लागलेत का बघा. बीप आली तर भिंग घ्या. बहुतेक वेळा फटीत सोल्डरचा केसाएवढा धागा असतो, पात्याने निघतो.

तारा जोडल्यावर त्यांना काचेला वेगळं बांधा. तारेवर गरम गोंदाचा ठिपका, जोडापासून सेंटीमीटरभर मागे. हे नाही केलं तर तार ओढली की पट्टा सालासारखा निघून येतो. चौथी काच मी स्टँडच्या क्लॅम्पमध्ये स्क्रू आवळताना फोडली, त्यात शिकण्यासारखं काही नाही. धातू आणि काच यांच्यामध्ये रबर घाला, एवढंच. पाचवी भाच्याच्या हातून पडली.

८. दुसरा बोर्ड: पत्रा आणि फेरिक क्लोराइड

टेपने बारीक नक्षी होत नाही. पहिला बोर्ड पेटला असेल तरच पुढे वाचा.

तांब्याचा ३५ मायक्रॉनचा बिनगोंदाचा पातळ पत्रा घ्या. एक बाजू बारीक पॉलिश पेपरने खरबरीत करा, अल्कोहोलने पुसा. काच खरबरीत करू नका, धुरकट होईल. रेझिन आर्टवाले वापरतात तो पाण्यासारखा इपॉक्सी घ्या आणि बाटलीवरच्या प्रमाणातच मिसळा. अंदाजाने हार्डनर जास्त घातलं तर लवकर सुकत नाही, चिकट राहतं. उन्हाळ्यात पहाटे करा. दुपारी इपॉक्सी वाटीतच तापून घट्ट होतो. पातळ थर, वर पत्रा, मधून कडेकडे काचेच्या बाटलीने लाटा, प्लास्टिकचा कागद ठेवून वर वजन, चोवीस तास हात लावायचा नाही. मोबाइलवाल्यांचा यूव्ही गोंद, अतिनील किरणांनी घट्ट होतो तो, तोही चालतो. वर तांबं असल्याने ऊन खालून, काचेतून द्यायचं. गोंदाला लागणारे लांब लहरींचे अतिनील किरण साध्या काचेतून जातात. पण गनच्या उष्णतेला तो इपॉक्सीपेक्षा लवकर हार मानतो.

नक्षीसाठी नंबरप्लेटवाल्या रेडियमच्या दुकानात जा. त्याच्याकडे प्लॉटर असतो. संगणकावर काढलेली नक्षी दिली की साध्या स्टिकरवर कापून देतो. त्याला स्पष्ट सांगा: ट्रॅक ठेवायचे, बाकीचं सोलून काढायचं. नाहीतर तो सवयीने उलटं करेल. मिलिमीटरपेक्षा बारीक ट्रॅक सोलताना निघून येतात, तेवढेच जाड ठेवा. स्टिकर पत्र्यावर बसवा, कडा दाबा. चुकलेल्या जागा पर्मनंट मार्करने भरा.

आता फेरिक क्लोराइड. प्लास्टिकचा ट्रे, रबरी हातमोजे, जुने कपडे. आधी पाणी, त्यात थोडी थोडी पूड, २५० मिलीला साधारण १०० ग्रॅम. उलटं केलंत तर गरम होऊन उसळतं. काच त्यात बुडवून ट्रे हलकेच डोलवत राहा. दहा-वीस मिनिटांत उघडं तांबं जातं. काचेला फेरिक क्लोराइड काही करत नाही. स्टीलच्या सिंकला मात्र खातं, आणि ओट्यावर पडलेला पिवळा-तपकिरी डाग घरच्यांना वर्षभर आठवतो.

आपल्याकडे सराफी मोठी, त्यामुळे कोणीतरी सांगेलच की सोनाराकडचं तेजाब आण, झटक्यात होतं. नको. नायट्रिक ॲसिड तांब्याला लागलं की तांबडा-तपकिरी वायू सुटतो, तो फुप्फुसाला घातक आहे.

वापरलेलं पाणी गटारात, बांधावर, विहिरीजवळ ओतायचं नाही. त्यात तांबं उतरलेलं असतं. मोरचुदाने शेवाळ मरतं हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको, मासेही तसेच मरतात. बाटलीत भरून ठेवा, बऱ्याचदा परत वापरता येतं. पार संपलं की धुण्याचा सोडा चिमूट-चिमूट घालत जा, फसफसणं थांबेपर्यंत. गाळ खाली बसेल, तो थोड्या सिमेंटमध्ये कालवून गोळा करून टाका.

९. लुकलुकणारा करायचा असेल तर

दोन बीसी ८४७ ट्रान्झिस्टर, ४७ किलोओहमचे दोन, ३३० ओहमचे दोन रेझिस्टर, १० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर, दोन एलईडी. एका दिव्याची पाळी ०.६९ × ४७,००० × ०.००००१, म्हणजे सेकंदाचा सुमारे तिसरा हिस्सा. या सर्किटमध्ये दोन रस्ते एकमेकांना ओलांडतातच. हिरव्या बोर्डात भोक पाडून मागून नेतात. काचेला भोक पाडायचं तर हिऱ्याचं बिट आणि पाण्याखाली ड्रिल, ते नवख्याचं काम नाही. त्याऐवजी शून्य ओहमचा १२०६ रेझिस्टर पुलासारखा ठेवा आणि त्याच्या पोटाखालून दुसरा ट्रॅक काढा. फट इथे जरा सांभाळा, १ मिमीचा ट्रॅक आणि दोन्हीकडे अर्धा-अर्धा मिमी एवढीच जागा मिळते.

१०. उभा करा

फ्लक्स अल्कोहोलने पुसा, पण कापूस पट्ट्यांच्या कडेवर रगडू नका, गोंद सुटतो. आठवड्याभरात तांबं काळपटायला लागतं, त्याआधी पारदर्शक लॅकरचा एक हलका फवारा मारा. सागाच्या पट्टीत करवतीने खाच पाडून काच त्यात उभी केली की मागे काय ठेवायचं ते बघा. काळं कापड ठेवलं तर तांबं उठून दिसतं. काही न ठेवता अंधाऱ्या खोलीत लावली तर एलईडीचा थोडा उजेड काचेतून धावत कडेला लाल रेघ काढतो. ती रेघ मी मुद्दाम केली असं भाच्याने प्रदर्शनात सगळ्यांना सांगितलं, मीही नाही म्हटलं नाही.